बरोबरला खेटून

ट्रंक बोर्डावर एकोणीस वर्षं काढली मी.
कानाला हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या,
सोलापूर मागणाऱ्याला सोलापूर,
बार्शी मागणाऱ्याला, थांबा, लाईन बिझी.
पितळी टोक भोकात गेलं की
अंगठ्याला आधी कळायचं, लागला.

आता धायरीत, तिसऱ्या मजल्यावर,
भाच्याने जाताना ठेवलेला लॅपटॉप,
त्यावर लिनक्स, आणि काल रात्री उतरवलेलं
ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर. नाव त्याचंही जॅक.
पडद्यावर त्याच दोऱ्या, हिरव्या, लोंबत्या,
हे टोक माईकला, ते टोक आवाजाला.
पंचवीस वर्षांनी माझं खातं मला परत मिळालं,
पगार सोडून.

फक्त पंख्याची घरघर काढणारं प्लगइन सापडेना.
आहे, फोल्डरमध्ये आहे, मी बघते आहे त्याच्याकडे,
आणि सॉफ्टवेअर म्हणतं, असं कोणी इथे राहत नाही.
शनिवारात दार अर्धं उघडून म्हणतात, तसं.

रुकसाना तांबोळीला फोन लावला.
हडपसर, कायद्याचं दुसरं वर्ष,
मी वाचते ती पुस्तकं दुप्पट वेगाने ऐकते ती,
माझे श्वास तिला पानांसारखे मोजता येतात.
डोळ्यांनी तिने कॉम्प्युटर कधी पाहिला नाही.

म्हणाली, मावशी, त्याला पत्ता कळवा. काळी खिडकी उघडा.
एक्स्पोर्ट. मग जागा. मग एल-व्ही-टू, खालची रेघ, पाथ. सगळी मोठी अक्षरं.
आता बरोबरचं चिन्ह.
अलीकडे जागा सोडू नका. पलीकडेही नाही. खेटून.
मी सोडलीच. शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय,
दोन शब्दांत बोटभर अंतर.
पुन्हा.

डॉलर लावून होम लिहा.
म्हटलं, आमच्या सोसायटीत निम्मी घरं
डॉलर लावूनच उभी आहेत.
ती हसली, पण हात थांबू दिला नाही माझा.
जुने रस्ते पुसू नका हं, दोन टिंबं द्या,
आणि मागे तेही लिहा,
नाहीतर नवा सापडेल आणि बाकीचे सगळे हरवतील.
हे आमच्या महापालिकेला कोणी सांगावं.

लागलं! प्लगइन यादीत आलं.
आनंदाने खिडकी बंद केली, चहा टाकला,
परत येऊन बघते तर गेलं.

तिला वाटलंच होतं.
खिडकीत सांगितलेलं खिडकीपुरतंच, मावशी,
आणि तिने उघडलेल्यांपुरतं.
मुलांना आईकडून मिळतं,
मुलांनी बदललेलं आईपर्यंत पोचत नाही.
हे ती कॉम्प्युटरबद्दल म्हणाली.
मी चहा गाळत राहिले.

कायमचं हवं तर प्रोफाइलमध्ये लिहा.
ती फाईल टिंबाने सुरू होते, म्हणून दिसत नाही.
दिसत नाही म्हणजे?
म्हणजे तुम्हाला. मला सगळ्या सारख्याच.

लिहिलं. तीच ओळ, खेटून.
बाहेर पडून पुन्हा आत यायला लावलं तिने,
चप्पल विसरल्यासारखं.
मग उघडलं, आणि ते आपलं तिथेच,
कधी गेलंच नव्हतं अशा चेहऱ्याने.

कलम चोपन्न वाचून पाठवलं.
पंखा नाही, खालचा कुकर नाही,
कबुतरं नाहीत, पीएमटीचा ब्रेक नाही,
माझा आवाज कोऱ्या पाटीवर खडूसारखा.
मला वाटलं, आता शाबासकी.

उत्तर आलं रात्री साडेदहाला.
छान आहे. पण तुम्ही कुठे बसला आहात ते कळेना.
दर खेपेला पंखा होता तिथे, डाव्या कानात,
मी त्याच्या बाजूला पुस्तक धरते.
थोडा राहू द्या ना.

दांडी हळूच मागे ओढली.
अंगठ्याला कळलं.