हातचं राखून

ओंकारेश्वराच्या अलीकडे, पायऱ्यांवर, रविवारी पावणेसातला
आम्ही अकरा जण. प्रत्येकाकडे जॅमची रिकामी बाटली,
पाणी मात्र घरून आणलेलं.
मुठेचं पाणी आधीच रंगवलेलं येतं.

शिकवणाऱ्या खांबेटे मॅडम अठ्ठावीस वर्षांच्या.
मी अडुसष्ट. एकतीस वर्षं नगर भूमापनात:
साखळी, फीत, मोजणीचा कागद.
तिथं एखादं नळकोंडाळं सुटलं तरी
तिसऱ्या पिढीत दावा उभा राहतो.
म्हणून मी काही सोडत नाही.
माझ्या चित्रात गटारांची झाकणं असतात, नंबरासकट.

मॅडम मागून येतात, चपला न वाजवता.
"काका, आता हात काढा."
"ते उंबराचं झाड राहिलंय."
"राहू दे की. पलीकडे आहेच ते."

पहिले दोन महिने मला हे उर्मट वाटायचं.

आज सगळे मेट्रोचे खांब गाळताहेत.
देऊळ हवं, खांब नकोत. बर्वे वकिलांनी तर
त्या जागी नारळ लावलेत दोन,
ऐन नदीपात्रात.
मी खांब घेतले. ओल्या कागदावर
करडा रंग नुसता टेकवला, आणि तो
आपला आपणच उतरत गेला पाण्यात,
मोजमाप न विचारता.
कळस कागदात बसला नाही.
बसवलाही नाही.

मग खाली घाटावर ती माणसं आली.
मुंडण केलेला मुलगा, विशीतला, धोतर सावरत.
दर्भ, पळी, भाताचा स्टीलचा डबा.
पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले.
कावळे होते. तारेवर सात, मी मोजले.
एकही खाली येईना.

"काही राहिलंय का त्यांचं? आठवा," गुरुजी म्हणाले.
आत्या म्हणाली, याला मी बघेन.
कुणी म्हणालं, फ्लॅटचे हप्ते भरू.
कुणी म्हणालं, स्कूटर विकणार नाही हो, विकणार नाही.
कावळे पंख खाजवत बसले.

आणि इकडे माझ्या ब्रशाला
राहिलेलंच सगळं दिसायला लागलं:
तारा, शेवाळ, डब्याच्या काठावरची तिरीप,
त्या डोक्याची
ऊन न पाहिलेली कातडी.
तो रंग कसा करायचा तेही माहीत होतं,
गेरूचा कण, जरासा पिवळा, बाकी पाणीच.
डोक्याच्या जागी कागद कोरा होता,
करंगळीच्या नखाएवढा.
ब्रश भरलेला. थेंब टोकाशी.

पांढरा रंग अप्पा बळवंत चौकात नळीत मिळतो.
झाकलेला कागद कुठंच मिळत नाही.

मुलगा वाकला, पिंडांशी काहीतरी बोलला,
इतकं हळू की गुरुजी म्हणाले, "काय?"
त्यानं परत सांगितलं नाही.

मी उठलो. गुडघा वाजला.
बाटली घेऊन पायऱ्या चढलो
आणि वरच्या पिंपळाच्या बुंध्याशी ओतली,
करडं, गेरूचं, सकाळभराचं पाणी.
पाणी सोडलं.
हक्कसोडपत्रं हजारभर तपासली असतील नोकरीत,
शिक्का, सही, साक्षीदार,
पण सोडताना हाताला काय होतं
ते कुठल्या रकान्यात नव्हतं.

परत आलो तर मॅडम चित्रापाशी उकिडव्या बसलेल्या.
नखाएवढ्या पांढऱ्यावर बोट धरून, न टेकवता:
"इथं कोण आहे, काका?"
"आहे एक जण," म्हटलं.
त्यांनी पुढं विचारलं नाही. चांगली मुलगी आहे.

खाली गलका झाला थोडा. कुणीतरी नाक शिंकरलं.
कावळा उतरला की शेवटी दर्भाचा करावा लागला,
मला माहीत नाही, मी कागदाच्या चिकटपट्ट्या काढत होतो.
तारेवर किती उरले
ते मोजायला मान वर गेली होती.
तशीच खाली आणली.