चौदाव्या धुण्यानंतर

बोरोसच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
मी मोजे विणतो.
साधे नव्हेत. नडगीच्या बाहेरच्या अंगाला
आगपेटीएवढे दोन चौकोन,
चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचे.
यंत्राला चांदी रुचत नाही.
सुया कुरकुरतात, धागा ऐन वेळी तुटतो,
आणि दर सोमवारी मी गुडघ्यांवर बसून
चमचमती धूळ ब्रशने गोळा करतो,
सोनाराच्या दारातल्या झारेकऱ्यासारखा.

स्टूरे वेन्नरहोल्म. वय एकाहत्तर.
तीस वर्षं टपाल वाटत हिंडलेला माणूस.
फेब्रुवारीत डाव्या अंगावरून वारं गेलं.
हात परतला, बोलणं परतलं,
पाऊल मात्र लोंबत राहिलं
पत्ता पुसलेल्या पाकिटासारखं.

कमरेच्या डबीला कळतं टाच उचललेली.
डबी मोज्याला सांगते, मोजा कातडीला,
कातडी आतल्या नसेला,
आणि चवडा वर येतो.
"म्हणजे टपालच की," तो म्हणाला.
मी तीन वर्षं लोकांना हे समजावतोय,
इतक्या कमी शब्दांत कधी जमलं नव्हतं.

घालण्याआधी पाणी शिंपडा, मी बजावलं.
ओली चांदी वीज सगळीकडे वाटते,
कोरडी एकाच टाक्यातून घुसवते.
थोड्या मुंग्या येतील.
मुंग्या आल्या म्हणजे रस्ता उघडा आहे.

मेमध्ये दोघं परत आले.
"मुंग्या कसल्या, गांधीलमाश्या आहेत.
पाय उचलत नाही, नुसता चावतो."
मीटर लावला. चार ओहमच्या जागी नऊशे.
किती वेळा धुतला?
चौदा.
मी पन्नास धुण्यांची हमी दिली होती,
सहीनिशी.
खिडकीबाहेर विस्कान नदी वाहत होती, आणि मला
त्या क्षणी तिच्याकडे पाहणं फार गरजेचं वाटलं.

तेव्हा माइलीस बोलली,
पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून:
"मी ते मऊ करायचं औषध घातलं. लव्हेंडरचं.
त्याला टोचू नये म्हणून."

प्रत्येक धाग्यावर एक पातळ, सुगंधी पापुद्रा.
विजेला भिंत.
स्टूरे छताकडे पाहत म्हणाला,
"वास आला होता मला.
चांगला वाटला, म्हणून बोललो नाही."

आम्ही तिघांनी तो मोजा मोरीत कोमट पाण्याने धुतला,
चार वेळा, तिने बाह्या वर सारून.
आकडा साठच्या खाली उतरेना.
मग मी यंत्र सुरू केलं.
चाळीस मिनिटं. दोनदा धागा तुटला.
ती शेजारी उभी राहून टाके मोजत होती,
हातांनी विणणारी बाई, यंत्रावर विश्वास कमी.

नवा मोजा, पाण्याचा फवारा, डबीचं बटण.
दाराशी एक उंबरा आहे, लोखंडी,
मीही त्याला अडखळतो.
पाऊल वर आलं,
ओलांडून पलीकडे टेकलं.
तो तसाच थांबला, एक पाय आत, एक बाहेर.
"हा मी उचलला, की तू?"

मला उत्तर आलं नाही.
डबीत नोंद असते किती मिलिअँपिअर गेले याची,
बाकीचं कोण घालतं, याची नसते.

जुना मोजा मी टोपलीत टाकणार होतो.
माइलीसने मागून घेतला.
आता तो उजव्या पायात असतो,
धडधाकट पायात,
कुठलाही निरोप न नेणारा,
लव्हेंडरच्या वासाचा.