बॅटरी एक्केचाळीस टक्के

आमच्या मिलवर आला तेव्हाच
त्याचं अर्धं आयुष्य होऊन गेलं होतं.
कुठल्याशा कंपनीनं जुना लॉट काढला,
ताहेरनं हैदराबादहून पाच आणले, गोणपाटात गुंडाळून.
एक आम्हाला, एक ॲडव्होकेट बिडवेबाईंना,
एक निलंग्याच्या क्लासवाल्या मन्मथ सरांना.
उरलेले दोन कुठं गेले, तो सांगत नाही.

बुडाला नंबराचा स्टिकर, नखानं खरवडलेला.
कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा, तो मीही काढला नाही.
सगळी बटणं खरबरीत,
एकटं बॅकस्पेस गुळगुळीत, चकाकतं.
आधीचा जो कुणी होता
त्यानं लिहिलं त्याहून खोडलं जास्त.

मार्चएंडला अख्खा कप चहा सांडला त्याच्यावर.
मी मटकन खाली बसले.
चहा बटणांतून उतरला, बुडाच्या दोन भोकांतून
खालच्या रोजकीर्दीवर आला,
आणि स्क्रीनवर जीएसटीचं पान जसंच्या तसं.
रोजकीर्दीला अजून वेलचीचा वास येतो.

औसा रोडला स्कूटीवरून पडलो, दोघंही.
त्याचा एक कोपरा चेपला, बिजागरी हलली नाही.
माझं मनगट थंडीत अजून ठणकतं.

पण आकड्यांची वेगळी पट्टी नाही त्याला.
हिशोबनिसाच्या हाती असा लॅपटॉप
म्हणजे तराजू दिला आणि मापं ठेवून घेतली.
साडेतीनशेची पट्टी वेगळी घेतली,
ती वायरला उंदरासारखी लोंबकळते.
मुलगी पुण्याहून बोलते
तर तेलाच्या रिकाम्या डब्यात बसून बोलल्यासारखी.
मे महिन्यात पंखा असा ओरडला
की बाहेरचे हमाल डोकावून गेले.
ताहेरनं पाठ उघडली, फुंकर मारली,
तळहातावर चिमूटभर तुरीची चुणी.
"आपा, ये लॅपटॉप है के म्हैस?
चुनी खारी, दूध कब देगी?"

बिडवेबाई म्हणतात, माझा तर
साहेब निकाल वाचायला लागले की घुमतो.
मन्मथ सरांच्या चार्जरची पिन
वहीचा पुठ्ठा लावून तिरकी धरावी लागते.
विकता का, म्हटलं.
दोघांनीही एकदम मान हलवली,
जसं काही मी त्यांच्या लेकराला नाव ठेवलं.

बॅटरीचं सांगायचं राहिलं.
एक्केचाळीस टक्क्यांवर तासभर बसून राहते
आणि मग एकदम शून्य.
चाळीस नाही, तीस नाही, पायरीच नाही मधे.

त्या दिवशी चाकूरकडचा एक टेम्पो आला, सत्तर कट्टे तूर.
मशीननं ओलावा दाखवला अकरा.
मी अकरा टाकला.
अप्पा मागून आले, हळूच म्हणाले, तेरा कर.
टेम्पोवाला दारातच उभा, टोपीनं वारा घेत.
माझं बोट बॅकस्पेसवर गेलं,
आधीच्या माणसानं घासून ठेवलेल्या त्या खोलगट जागेत
ते नीट बसलं.

इतक्यात लाइट गेली.
कोपऱ्यात एक्केचाळीस टक्के.
मग काहीच नाही,
काळ्या काचेत अप्पांची टोपी आणि माझं कपाळ.

अप्पा थांबले. घड्याळ बघितलं. उकाडा फार होता.
"ऱ्हाऊ दे, काय मशीन म्हणाली ते लिही हातानं
अन् वाट लाव त्याला."
मी पावतीवर पेननं अकरा लिहिलं,
आकडा जरा मोठाच आला.

परवा ताहेर म्हणाला, आपा,
अठराशे में नई बॅटरी डालता, एकदम कडक.
म्हटलं, दिवाळीनंतर बघू.
कोणत्या दिवाळीनंतर, ते त्यानं विचारलं नाही.