पाल

उपकेंद्राच्या भिंतीला तेव्हा चुना ताजा होता,
मी पण नवीच, मूर्तिजापूरकडची,
वहीत गोंडीचे चारच शब्द:
ये, बस, औषध, नाही.
नाही म्हणजे हिल्ले.
तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं.

रैनी उसेंडी आली बारा दिवसांचं लेकरू घेऊन.
बाकाच्या कडेला टेकली,
हलकेच म्हणाली, पाल.
मी टुणकन उठले.
पदर झटकला, ट्यूबलाइटच्या मागं पाहिलं,
वजनकाट्याखाली, कॅलेंडरच्या आड.
कुठं आहे गं, काहून भेवाडतं मले?
ती म्हणाली, पाल हिल्ले.
नाही ना? मग बरं.
मी हसले.
तीही हसली, कारण मी हसले होते.
रजिस्टरात लिहिलं: आईची तक्रार नाही.

तीन दिवसांनी पोचम्मानं ऐकलं.
प्राणहितेच्या पल्याडून लग्न होऊन आलेली पोचम्मा
उपकेंद्र झाडते
अन् मला तीन भाषांत रागावते.
बाई, पाल म्हणजे दूध!
त्यांच्यात पाल, आमच्यात पालु.
तिले दूध येऊन नाही राहिलं,
अन् तुमी भिंती पाहून राहिल्या.

टोला तीन किलोमीटर. बॅटरीच्या उजेडात गेलो.
रैनीच्या जावेनं लेकराला पदराखाली घेतलेलं,
स्वतःचं एकीकडं, हे दुसरीकडं.
उशीर का झाला, कुणीच विचारलं नाही.
परतताना नाल्याशी पोचम्मा म्हणाली,
पालु म्हणजे वाटा पण.
आणि पुढं चालू लागली.

तेव्हापासून हा शब्द पायात पायात येतो.

बाजाराच्या मैदानात घिसाड्यांनी पालं ठोकली.
विळ्याला धार लावता लावता म्हातारी म्हणाली,
हे पाल अजून दोन पावसाळे पुरेल.
मी ताडपत्रीकडं पाहत राहिले,
जणू ती नासेल.

बंगाली कॅम्पातले निताई पाल
मलेरियाच्या तपासणीला बोट पुढं करतात.
नाव लिहिताना माझं पेन अडतं.
दीदी, पाल माने शीड, ते सांगतात,
गुरांचा कळप, तोही पाल.
सहा वर्षांचे होते, नावेत बसून निघाले,
शीड काकांनी धरलं होतं,
त्याचा रंग कुठला, आता आठवत नाही.
इथं जवळचं पाणी म्हणजे गावतलाव.
त्यात शिंगाडे.

शाळेतल्या वाढई गुरुजींकडं जुना कोश आहे,
वाळवीनं क पर्यंत खाल्लेला.
ती पाल: संस्कृत पल्ली, भिंतीवरची.
ते पाल: तंबू, राहुटी; मुळाच्या जागी प्रश्नचिन्ह.
पल्ली म्हणजे खेडंही, गुरुजी म्हणाले,
आपल्या अर्ध्या गावांच्या मागं ही शेपटी आहे, मॅडम,
गाव उठलं तरी शेपटी वळवळत राहते.
ते स्वतःच्याच विनोदावर खूष झाले.
मी पान उलटून पुढं शोधलं, मागं शोधलं.
दूध नव्हतं त्यात.
कोश जिथं संपतो
तिथून टोला तीन किलोमीटर.

लेकरू जगलं. म्हणजे आता लेकरू नाही,
दुसरीत आहे, नाव सुकमा,
माझ्या मराठीला हसते.

आई सांगायची, पाल चुकचुकली की
बोटानं जमीन टोकावी, कृष्ण कृष्ण म्हणावं.
क्वार्टरच्या अंधारात अजूनही बोट आपोआप जातं जमिनीकडं,
पण नाव
दर वेळी देवाचंच तोंडात येतं असं नाही.

ओली बाळंतीण दारात दिसली
की ती टेकायच्या आत मीच विचारते,
पाल मंता?

भिंतीवरची मान वळवते.