डावीकडचं शून्य

भिलवडीच्या घाटावर दस्तगीरचाचा
सकाळ-संध्याकाळ सहाला
पट्टीवरचा आकडा वाचायचे
आणि मला पाठवायचे:
०५.
०६.
श्रावणात कधी ३८.
फूट हा शब्द लिहीत नसत.
नदीला ठाऊक आहे, म्हणायचे.

चाळीस ओळींची स्क्रिप्ट होती माझी,
सांगलीत, विश्रामबागच्या खोलीवर,
भडंगाचे तेलकट हात ओढणीला पुसत
एका रविवारात लिहिलेली.
आलेली पातळी पंचेचाळीसपेक्षा मोठी असेल
तर गावातले साडेसहाशे फोन वाजवायचे.
एवढंच तिचं काम.
तीन पावसाळे बिनबोभाट चालली.
मी शाल घेतली, नारळ घेतला.
त्या फोटोत चाचा कडेला आहेत,
अर्धे कापले गेलेले.

मार्चअखेर चाचा निवृत्त झाले.
त्यांच्या जागी सुयोग आला, आयटीआय झालेला, चपळ.
मेच्या अकरा तारखेला कोयनेतून शेतीसाठी पाणी सोडलं,
नदी चारावरून पाचावर आली.
संध्याकाळची नोंद विसरलेला सुयोग
रात्री साडेअकराला अंथरुणातून हात काढून
टाइप करता झाला: ५.

साडेसहाशे फोन वाजले.

ढग नव्हता, वारा नव्हता,
तरी लोक उठले.
महापूर पाहिलेलं गाव
आभाळ बघायला थांबत नाही.
कुसुम तावदरने शेळी गच्चीवर चढवली.
कुणी सातबारे पिठाच्या डब्यात कोंबले.
वग्याणी मास्तर एकाच पायात चप्पल घालून
वरच्या आळीपर्यंत पळाले.
घाटाकडे गेलेले मात्र पायरीवरच थबकले:
चांदण्यात नदी,
म्हशीच्या पोटाला जेमतेम लागलेली.

मग फोन मला आले.
त्यातले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

उजाडेपर्यंत स्क्रिप्टसमोर बसले.
ती खोटं बोलत नव्हती.
मी तिला पाणी दिलंच नव्हतं,
अक्षरं दिली होती, अवतरणचिन्हांत गुंडाळून,
आणि अक्षरांचा न्याय शब्दकोशातला:
पहिल्याला पहिलं भिडवायचं, फरक दिसला की निकाल.
पाच मोठा की चार?
पाच.
संपलं.
त्या चाराच्या पाठीशी आणखी एक पाच उभा आहे,
अख्खी बाजारपेठ बुडवील एवढं पाणी घेऊन उभा आहे,
तिथवर ती पोचतच नाही.
आपण तरी कुठे पोचतो?
दारात आलेल्याला आधी आडनाव विचारतो,
पुढचं ऐकायचं राहून जातं.

पण मग तीन वर्षं हे चाललं कसं?
जुने संदेश उघडले.
०५. ०४. ०९. ०६.
एकही दिवस नाही, जेव्हा चाचांनी शून्य गाळलं.
शून्य चाराला भिडायचं,
हरायचं,
आणि गाव झोपायचं.

तिसरीत फळ्यावर लिहून घेतलं होतं आमच्याकडून,
डावीकडच्या शून्याला किंमत नसते.

दुपारी त्यांच्या घरी गेले.
चाचा घमेल्यात सायकलची ट्यूब बुडवून बसले होते.
शून्य का लिहायचात, विचारलं.
"खात्याच्या वहीत दोन चौकटी असायच्या," म्हणाले,
"एक मोकळी सोडली की कुणीतरी तिच्यात आकडा घालतं.
एका साहेबानं घातला होता."
कुठला साहेब, कुठलं साल,
ते काही बोलले नाहीत.
बुडबुडा सापडला होता, त्यावर अंगठा दाबून धरला.

दुरुस्ती एका शब्दाची निघाली:
आधी अक्षराचा आकडा कर, मग ताडून बघ.
पाच, नऊ, चव्वेचाळीस, सेहेचाळीस,
सगळं घालून पाहिलं. बरोबर येतं.
त्या ओळीच्या वर, यंत्र जे वाचत नाही अशा जागी,
चाचांचं पूर्ण नाव लिहिलं.

परवा रात्री सुयोगचा संदेश आला: ७.
साडेसहाशे फोन गप्प राहिले.
मी तेवढी उठून बसले.