पिवळ्या रंगाचा हिशोब

परीचा नको. बाहुलीचा नको.
बर्फाच्या राणीचं तर नावच काढायचं नाही.
"जेसीबीचा वाढदिवस," शर्वी म्हणाली,
आणि दोन्ही हातांनी हवेतली माती उचलून
माझ्या मांडीवर ओतली.

वसमतच्या बाजारात तीन दुकानं फिरले.
"पोराचा हाय का बड्डे?"
पोरीचा, म्हटलं.
त्यानं गुलाबी फुग्यांचं पाकीट पुढं सरकवलं,
मी पायरी उतरले.
तसेही पर्समध्ये सहाशे चाळीसच होते,
त्यातले दोनशे भिशीचे,
म्हणजे माझे नव्हेतच.

रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
पुठ्ठा फुकट: बोंढारेबाईंच्या नव्या फ्रिजचं खोकं,
त्यांच्या म्हशीनं चाटायच्या आत उचललेलं.
टायरांचा काळा: जुन्या टोनरची उरलेली भुकटी, फेविकॉलात कालवून.
आणि पिवळा?
पिवळ्याला आमच्या गावात कोण पैसे मोजतं!
मोंढ्यात सौदा उठला की फरशीवर हळद उरतेच,
ती झाडून आणली, चाळली,
कणकेच्या खळीत शिजवली.
चार दिवस घराला लग्नघराचा वास.
सासूबाई म्हणाल्या, "काय करायलीस गं हे,
नवरी कुठाय?"

शेजारच्या मिसबाहनं तपासणी केली.
वय वर्षं सात, कमरेवर हात.
"बकेटला दात पाच असतात, काकू.
तुम्ही चारच लावले."
पाचवा कापला.

केक कुकरमधला, बिस्किटांचा,
तळाशी मीठ, शिट्टी काढलेली.
झाकण उघडलं तर मधोमध खचलेला.
मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात
शर्वी नाचायलाच लागली:
"खड्डा! आईनं खड्डा केला!"

आता सांगते, हे यंत्र तिला भेटलं कुठं.
मागच्या फाल्गुनात तहसीलसमोरचा रस्ता रुंद झाला.
नोटीस आली होती, नाही असं नाही.
माझ्या झेरॉक्सच्या टपरीचा पत्रा
भाजलेल्या पापडासारखा वळला.
मी मशीनचा ट्रे छातीशी धरून उभी,
ही माझ्या कडेवर.
एवढं मोठं पिवळं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.
तिनं ड्रायव्हरला टाटा केला.
त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं,
मग त्यानंही हात हलवला.
काय करील तो तरी.

तर तो पाचवा दात रंगवताना
ब्रश बराच वेळ डब्यातच राहिला.
हळद घट्ट झाली होती. पाणी घातलं.

रविवारी चार वाजता अकरा पोरं आली,
म्हणजे बोलावलेली सात.
अंगणात घमेलंभर वाळू, त्यात पुरलेलं धन:
गोट्या, खोडरबर, टिकल्यांची पाकिटं,
भाजलेल्या शेंगांच्या पुरचुंड्या.
प्रत्येकाला एक चमचा, चमच्याला पिवळी चिंधी.
"रिव्हर्स घ्या, रिव्हर्स!" मिसबाह ओरडत होती,
आणि सगळे टूं टूं टूं करत मागं सरकत होते,
बोंढारेबाईंचा धाकटा तर थेट तुळशीपर्यंत.

पुरायला वस्तू कमी पडल्या होत्या, म्हणून
ड्रॉवरमधलं हाताला लागलं तेही मी टाकलं होतं.
ते नेमकं शर्वीच्याच चमच्याला लागलं:
टपरीतला माझा रबरी शिक्का,
आणि त्याचं शाईचं पॅड, सुकत आलेलं.
तिनं त्यावर थुंकी लावली, मी रागावायच्या आत.

मग रांग लागली.
कुणाच्या मनगटावर, कुणाच्या गालावर,
एकानं तर शर्ट वर करून पोट पुढं केलं.
जांभळी, पुसट, थोडी तिरकी अक्षरं:
सत्यप्रत.
सत्यप्रत.
एका कागदाला मी दोन रुपये घ्यायची.

सगळ्यात शेवटी ती माझ्याकडं आली.
"वाक," म्हणाली.
वाकले.
केकचा खड्डा तोपर्यंत मुंग्यांनी गाठला होता,
आणि पुठ्ठ्याच्या जेसीबीवर बसून
मिसबाह शेंगा सोलत होती.