पांढऱ्या पदराची अट

अस्माराच्या मेदेबेर बाजारात, जिथे जुन्या पिंपांच्या शेगड्या होतात
आणि दिवसभर पत्रा ठोकला जातो,
ओक्बाझगींच्या दुकानात मी दुसऱ्या वर्षाची शिकाऊ.
पहिलं वर्ष चिंध्या धुण्यात गेलं.

चेन साफ कशी करावी ह्या एका प्रश्नावर
इथे माणसं कॉफीचे तिन्ही फेरे थंड होऊ देतात.

ओक्बाझगी म्हणतात, रॉकेल.
चेन उतरवा, डब्यात टाका, झाकण घट्ट,
आणि खुळखुळा हलवावा तशी हलवा.
तिसऱ्या रॉकेलात डब्याचा तळ दिसला, की झालं.

देबेसाय (मसावाच्या घाटात ब्रेक न लावता सुटायचे,
असं तेच सांगतात) म्हणतात,
रॉकेलानं चेनची हाडं सुकतात.
उतरवायची कशाला? जागेवरच घासा.
दातांचा जुना ब्रश, साबणाचं कोमट पाणी,
उलटं पेडल, आणि सबुरी.
"सबुरी? तुमच्याकडे?" ओक्बाझगी विचारतात,
आणि पुढचा अर्धा तास
चेन राहते बाजूला, निघतो जुन्या शर्यतींचा मळ.

मला कुणी विचारत नाही.
माझी नखं दोघांच्याही बाजूनं काळी आहेत.

मंगळवारी लेतेब्रहान आल्या, सायकल हातानं ढकलत.
हिरवी, जड, बारा वर्षं खाटेमागे उभी असलेली.
कुणाची, ते सांगितलं नाही.
चेन म्हणजे गंजाची एक ओळ,
वाकवली तर वाकलेलीच राहणारी.

दोघांनी आपापली बाजू मांडली.
बाई ऐकत होत्या.
मग खांद्यावरची नेत्सेला पुढे ओढली,
पांढरी, हातमागाची, काठाला निळा धागा,
आणि म्हणाल्या,
"रविवारी पहाटे ह्यावर बसून मी चर्चला जाणार.
ह्या पदराला डाग पडणार नाही
अशी पद्धत कुठली, तेवढं सांगा."

पत्र्याची ठोकाठोकसुद्धा जरा थांबल्यासारखी वाटली.
वेग नाही, घाट नाही, आवाज नाही,
पदर.

मी म्हणाले, मेण.

मीच म्हणाले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
तेल धूळ धरतं, धूळ काळी होते, काळं कापडाला लागतं.
मेण सुकतं आणि गप्प बसतं.
लेतेब्रहाननी पिशवी उघडली.
त्यात चर्चमधल्या त्वाफांची टोकं,
बोटाएवढी, बोटाहून लहान,
किती सणांची, किती नवसांची, कोण जाणे.
जणू उत्तर घेऊनच आल्या होत्या, प्रश्न फक्त आम्हाला घातला.

आधी रॉकेल, तीनदा. (ओक्बाझगी खूश.)
मग साबण, ब्रश, कडी न् कडी. (देबेसाय खूश.)
मग उन्हात, दगडावर, पार कोरडी होईपर्यंत.
शेगडीवर पातेलं, पातेल्यात पाणी, पाण्यात डबा,
मेण थेट आचेवर कधी ठेवू नये.
थोडं पॅराफिन, नाहीतर मधमाशीचं मेण फार चिकट.
चेन आत सोडली तशी
एकेका पिनेतून बुडबुडा आला, बारीक,
जशी खूप वेळ बुडून राहिलेली कुणी श्वास सोडते.
दुकानभर मधाचा वास. मेदेबेरमध्ये, मधाचा!

गार झाल्यावर चेन काठीसारखी ताठ.
बोटांनी एकेक कडी मोडून सैल केली.
एकशे बारा. मोजल्या.

रविवारी मी मुद्दाम रस्त्यावर थांबले.
त्या आल्या, हँडल किंचित डुगडुगतं,
पदर मागे, चेनच्या अगदी जवळ,
पांढराच.

मग ऑगस्ट लागला, आणि सलग चार दिवस पाऊस.
पाचव्या दिवशी लेतेब्रहान दारात,
चेन कोंबडीसारखी ओरडतेय.
पावसात मेण टिकत नाही, हे मी सांगायचं विसरले होते.
ओक्बाझगी काही बोलले नाहीत,
नुसतं रॉकेलचा डबा माझ्याकडे सरकवला.
देबेसायनी ब्रश पुढे केला.
आणि बाई स्टुलावर टेकल्या, म्हणाल्या,
"कॉफी आहे का? आज घाई नाही.
पावसाचं काय करायचं, ते आता सगळे मिळून सांगा."